सभेला जागा हवी

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर श्रमसंहिता आहेत, कंत्राटी पद्धत आहे, किमान वेतन आहे, निवृत्तिवेतन आहे. या मोठ्या प्रश्नांच्या रांगेत 'वस्तीतील भाड्याच्या सभागृहांचा प्रश्न' हा विषय पाहून काही जणांना आश्चर्य वाटले असेल. हॉलचे भाडे हा काय केंद्रीय संघटनेच्या शिबिरात चर्चा करण्याचा विषय आहे काय? आमचे म्हणणे असे की, आहे. सभा भरविता आली नाही, तर वरचा एकही प्रश्न कामगारांपुढे मांडता येत नाही, त्यावर त्यांचे मत घेता येत नाही आणि ठराव करता येत नाही. संघटना म्हणजे पावतीपुस्तक आणि लेटरहेड नव्हे. माणसे एका जागी बसून बोलतात आणि ठरवितात, तेव्हा संघटना होते. त्यासाठी पहिली गरज लागते ती जागेची.

जागेचा इतिहास हाच चळवळीचा इतिहास

आपल्या चळवळीचा आरंभच एका जागेपासून झाला आहे. २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ या दिवशी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर आणि जखमी झालेल्या कामगाराला भरपाई, या मागण्या तेथे मांडण्यात आल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्यातून तयार झाले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानात सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण ज्या रविवारी सभा बोलावितो, तो रविवारच मुळी एका सभेने मिळवून दिलेला आहे, हे विसरता कामा नये.

१९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा संप झाला, तेव्हा कामगारांपाशी सभागृह नव्हते. गांधीजी आणि अनसूयाबेन साराभाई यांच्या रोजच्या सभा साबरमतीच्या काठी झाडाखाली होत. १९२० साली मजूर महाजन स्थापन झाले. पुढे त्यांनी गांधी मजूर सेवालय ही स्वतःची वास्तू उभी केली. झाडाखालून वास्तूपर्यंतचा हा प्रवास आपल्या देशातील अनेक युनियनांनी केला आहे. इंदूरच्या गिरणी कामगारांचे श्रम शिविर, पुण्याच्या मार्केट यार्डातील हमाल भवन ही त्याचीच उदाहरणे.

केंद्रीय संघटनांचेही तेच. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटकचे पहिले अधिवेशन भरले, ते मुंबईच्या एम्पायर थिएटरात, म्हणजे एका नाटकगृहात. इंटकची स्थापना १९४७ साली दिल्लीत झाली, हिंद मजदूर सभेची १९४८ साली हावड्यात, भारतीय मजदूर संघाची १९५५ साली भोपाळला आणि सिटूची १९७० साली कलकत्त्यात. झेंडे निराळे, विचार निराळे. पण प्रत्येक ठिकाणी कोणीतरी आधी जागा शोधली, भाडे ठरविले, सतरंज्या घातल्या, मग इतिहास घडला. सतरंज्या घालणाऱ्यांची नावे इतिहासात येत नाहीत, एवढेच.

एका वस्तीचे उदाहरण

प्रश्न नीट कळावा म्हणून एकच वस्ती घेऊ. मुंबईचे गिरणगाव, म्हणजे लालबाग, परळ, प्रभादेवी, वरळी, ना. म. जोशी मार्ग, शिवडी, नायगाव हा पट्टा. देशातील कोणत्याही औद्योगिक शहरात असा एक पट्टा आहे. तेव्हा परराज्यांतून आलेल्या सहकाऱ्यांनी आपापल्या शहराचे चित्र शेजारी ठेवून हे ऐकावे.

येथे सभेच्या जागा तीन थरांत होत्या. पहिला थर चाळीचा. जिना, गॅलरी आणि पटांगण. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या बी.डी.डी. चाळी एकूण २०७. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. घरात जागा नव्हती म्हणून माणसे बाहेर बसत, आणि बाहेर बसत म्हणून बोलत. कोकणातील, घाटावरील गावकरी मंडळांच्या खोल्या होत्या, खाणावळी होत्या, व्यायामशाळा होत्या. तेथे गावकीची बैठक जशी होई, तशीच गिरणीतल्या खात्याचीही होई. त्याला भाडे नव्हते, अर्ज नव्हता, डिपॉझिट नव्हते.

दुसरा थर सभागृहांचा. ना. म. जोशी यांच्या पुढाकाराने १९११ साली निघालेल्या सोशल सर्व्हिस लीगने परळला १९२२ साली दामोदर हॉल उभा केला. त्याच्या रंगमंचावर गिरणी कामगारांची नाटके झाली आणि लोकनाट्ये रंगली. १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्याने कामगार कल्याण मंडळ स्थापन झाले आणि ठिकठिकाणी कामगार कल्याण केंद्रे निघाली. याशिवाय महापालिकेच्या शाळा, वाचनालये, समाजमंदिरे, बुद्धविहार, ज्ञातिसंस्थांची सभागृहे.

तिसरा थर मैदानांचा. कामगार मैदान, नरे पार्क, वरळीचे जांबोरी मैदान. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. एवढी माणसे एका निर्णयाने चालत होती, याचे कारण त्यांना जमायला चाळीपासून मैदानापर्यंत जागा होती.

आज हे तिन्ही थर विरत चालले आहेत. गिरण्यांच्या जमिनींबाबत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत असे होते की, जमिनीचा एक भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक भाग घरबांधणीसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ सालच्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. जेथे मैदाने व्हावयाची होती तेथे मॉल आणि मनोरे झाले. दामोदर हॉल २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झाला. बी.डी.डी. चाळींच्या जागी पाचशे चौरस फुटांची घरे मिळू लागली आहेत. २०२५ साली वरळीतील पहिल्या रहिवाशांना चाव्या मिळाल्या. घर मोठे झाले, स्वतःचा संडास मिळाला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. चाळीच्या गैरसोयीचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण उंच इमारतीत गॅलरीची बैठक होत नाही. तेथे सोसायटीचा हॉल असतो, त्याचे नियम असतात, आणि बाहेरच्या माणसाला दारावरच थांबवून विचारणा होते. तेव्हा जी जागा पूर्वी आपोआप मिळत होती ती आता मागून, नियम करून, हक्काने घ्यावी लागणार आहे.

भाड्याचा हिशेब

आता पैशाकडे वळू. समजा, कंत्राटी सफाई कामगारांची एक युनियन आहे. सभासद ३००, वर्गणी महिन्याला २० रुपये. सगळ्यांनी नियमित वर्गणी दिली, तरी वर्षाला ७२,००० रुपये जमतात. या युनियनने तीन महिन्यांतून एकदा सर्व सभासदांची सभा घ्यावयाची ठरविली. वस्तीतील एका खासगी हॉलचे दिवसाचे भाडे १५,००० रुपये धरा. मालकाला जीएसटी लागू असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे २,७०० रुपये. एका सभेचे झाले १७,७००. चार सभांचे ७०,८००. राहिले १,२०० रुपये. त्यात वर्षभराचे कार्यालय, टपाल, प्रवास, वकील आणि न्यायालयाचा खर्च भागवा! म्हणजे या युनियनने एक तर सभा घ्याव्यात किंवा काम करावे, दोन्ही नाही.

हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपापल्या युनियनचे खरे आकडे घालून प्रत्येकाने हा हिशेब घरी जाऊन करावा. पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. महाराष्ट्रात २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे कामगार कल्याण निधीत दर सहा महिन्यांना कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये जमा व्हावयाचे असतात. ३०० कामगारांचे वर्षाचे होतात ६०,००० रुपये. त्यांतील १५,००० थेट कामगारांच्या पगारातून कापलेले. मग ज्या निधीत हे कामगार दरवर्षी पैसे भरतात, त्या निधीतून चालणाऱ्या केंद्रात त्यांनी वर्षातून चार वेळा तीन तास बसावयाचे म्हटले, तर ते कोणाची मेहरबानी मागतात काय? ती त्यांचीच वास्तू आहे.

गुजरातेत हाच १९५३ चा कायदा पुढे चालू राहिला. कर्नाटकात १९६५ साली, तामिळनाडूत १९७२ साली, पश्चिम बंगालमध्ये १९७४ साली असे कायदे झाले. ज्या राज्यात असा निधी आहे, त्या राज्यातील कार्यकर्त्यांनी परत गेल्यावर दोन गोष्टी तपासाव्यात. आपल्या कंत्राटी कामगारांची वर्गणी ठेकेदार खरोखर भरतो की नुसतीच पगारातून कापतो, हे एक. आणि त्या मंडळाच्या सभागृहांत नोंदणीकृत युनियनला कोणत्या दराने प्रवेश मिळतो, हे दुसरे.

जीएसटीबाबत एक बारीक गोष्ट सांगतो. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या मालकीच्या, सर्वांना खुल्या असलेल्या प्रार्थनास्थळाच्या आवारातील सभागृहाचे भाडे दिवसाला १०,००० रुपयांपेक्षा कमी असेल, तर त्यावर हा कर नाही. तसेच ज्या लहान संस्थेची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली आहे, तिलाही तो लावता येत नाही. तेव्हा पावतीवर कर लावलेला दिसला तर नोंदणी क्रमांक पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खजिनदारांनी हे टिपून ठेवावे.

नकार कोणत्या रूपाने येतो

भाडे परवडले तरी जागा मिळतेच असे नाही. 'युनियनला देत नाही' असे तोंडावर सांगणारे थोडे. बहुतेक वेळा नकार गोड शब्दांत येतो. 'त्या तारखेला लग्न आहे.' 'विश्वस्तांना विचारून सांगतो.' 'आमच्याकडे राजकीय कार्यक्रम होत नाहीत.' किंवा डिपॉझिटची रक्कम अशी सांगतात की विचारणाऱ्याने पुन्हा विचारू नये. लग्नाला, वाढदिवसाला, साड्यांच्या सेलला हॉल मिळतो. कामगारांच्या सभेला मात्र तो राजकीय ठरतो.

याला उत्तर भांडण हे नव्हे. पहिले उत्तर म्हणजे लेखी अर्ज. अर्जावर युनियनचा नोंदणी क्रमांक, सभेचा विषय, अंदाजे उपस्थिती, वेळ आणि जबाबदार व्यक्तीची सही असावी. त्याची पोच घ्यावी. नकार असेल तर तो लेखी मागावा. महापालिकेचे सभागृह, शाळा किंवा समाजमंदिर असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली भाड्याचा तक्ता, सवलतीचे नियम आणि मागील वर्षाच्या आरक्षणाची नोंद मागता येते. कोणत्या दिवशी हॉल रिकामा होता हे कागदावर आले की 'तारीख नाही' हे उत्तर चालत नाही.

दुसरे उत्तर म्हणजे आपली शिस्त. हॉलवाल्यांच्या सगळ्याच तक्रारी खोट्या असतात असे नाही. भिंतीला खिळे ठोकणे, बॅनर चिकटवून रंग उडविणे, वेळ संपल्यावर तासभर बसून राहणे, चहाचे कप तसेच टाकून जाणे, यामुळे पुढच्या दहा युनियनांची वाट बंद होते. सभा संपल्यावर चार जणांनी खुर्च्या लावाव्यात, झाडून घ्यावे, वीज-पंखे बंद करून किल्ली परत करावी आणि डिपॉझिट त्याच दिवशी मोजून घ्यावे. वॉचमन आणि झाडूवाला हेही कामगारच आहेत. त्यांना आपल्यामुळे जादा काम पडता कामा नये.

कायदा काय सांगतो

संविधानाच्या अनुच्छेद १९ ने शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा आणि संघटना करण्याचा हक्क दिला आहे. पण हा हक्क कोणाच्याही जागेत जाऊन बसण्याचा नाही, हेही आपण समजून घेतले पाहिजे. १९६९ साली रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, रेल्वेच्या मालकीच्या आवारात सभा घेण्याचा मूलभूत हक्क कामगारांना नाही. मालक सरकार असले तरी नाही. उलट १९७२ साली अहमदाबादच्या हिंमतलाल शहा यांच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की, सार्वजनिक रस्त्यावरील सभेचे नियमन सरकार करू शकते, पण ती मनमानीने नाकारण्याचा अधिकार पोलिसांना देता येणार नाही. २०१७ साली दिल्लीच्या जंतर मंतरवर निदर्शनांना बंदी आली, तेव्हा २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सरसकट बंदी मान्य केली नाही.

या निकालांचा एकत्रित अर्थ काय? कारखान्याच्या आत हक्क नाही. रस्त्यावर आहे, पण परवानगीच्या अटीने. मग उरते काय? वस्तीतील सभागृह. म्हणूनच त्याचे महत्त्व इतके आहे.

सभागृहातील सभेला कायद्याने काही सोयीही आहेत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. परंतु बंदिस्त सभागृहात, आतल्या आत ऐकण्यापुरता ध्वनिक्षेपक वापरण्यास या रात्रीच्या बंदीतून सूट आहे. दुसरी पाळी करून रात्री साडेअकराला सुटणाऱ्या कामगारांची सभा घ्यावयाची तर ही तरतूद उपयोगाची आहे. तसेच महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश वरचेवर निघतात. अशा आदेशात कोणकोणते जमाव वगळले आहेत हे खाली लिहिलेले असते, आणि संस्थांच्या नेहमीच्या सभांचा त्यात बहुधा उल्लेख असतो. आदेशाची प्रत आणून ती वाचावी. 'कलम लागलंय, सभा होणार नाही' असे कोणी तोंडी सांगितले म्हणून सभा रद्द करू नये.

आता नव्या संहितेकडे पाहू. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्याप्रमाणे, एकापेक्षा जास्त युनियना असलेल्या आस्थापनेत वाटाघाटीचा एकट्याने हक्क मिळवायचा तर हजेरीपटावरील ५१ टक्के कामगार युनियनचे सभासद असावे लागतात. तसे कोणाचेच नसतील तर वाटाघाटी परिषद होते, आणि तिच्यात येण्यास किमान २० टक्के लागतात. संपाला सर्वच आस्थापनांत आगाऊ नोटीस लागते आणि नोटिशीनंतर चौदा दिवस थांबावे लागते. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा घेतली तर तोही संप धरला जातो. याचा अर्थ असा की, अर्ध्याहून अधिक माणसे गोळा केल्याशिवाय युनियनला बोलता येणार नाही, आणि आधी नीट विचारविनिमय केल्याशिवाय लढता येणार नाही. कायदा बहुमत मागतो. पण ते बहुमत जमेल कुठे, हे तो सांगत नाही.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्याने, कलम २० मध्ये, मान्यताप्राप्त युनियनला तंट्याच्या संदर्भात आस्थापनेच्या आवारात आपल्या सभासदांशी चर्चा करण्याचा हक्क दिला होता. नव्या संहितेच्या कलम १४ मध्ये वाटाघाटी करणाऱ्या युनियनला आस्थापनेने कोणत्या सोयी द्याव्यात हे नियमांनी ठरवावे, असे म्हटले आहे. तेव्हा राज्याराज्यांत नियमांवर जेथे जेथे म्हणणे मांडण्याची संधी मिळेल, तेथे 'सभासदांना एकत्र बसण्यासाठी जागा' हे शब्द त्यात स्पष्ट यावेत, असा आग्रह धरला पाहिजे.

कोणाचे सर्वांत जास्त अडते

जागा नसल्याचा फटका सर्वांना सारखा बसत नाही. मोठ्या कारखान्याच्या युनियनला कार्यालय आहे, दारावर द्वारसभा घेता येते. पण ज्यांना दारच नाही त्यांचे काय? घरकामगार बाईला दुपारी दोन ते चार एवढीच फुरसत. ती दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला सभेला येऊ शकत नाही. तिला चालत दहा मिनिटांवर जागा हवी, तेथे संडास हवा, मूल घेऊन बसता आले पाहिजे. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण नोंदणीचा फॉर्म भरायला बायका जमतात त्या देवळाच्या ओट्यावर नाही तर एखाद्या जिन्याखाली. बांधकाम कामगार नाक्यावर उभा असतो. नाका ही काम मिळण्याची जागा, तेथे ठेकेदाराच्या देखत तो काय बोलणार? घरोघर जेवण आणि सामान पोचविणाऱ्या मुलांचे वरिष्ठ मोबाईलमध्ये आहेत, कारखाना रस्त्यावर आहे. राजस्थानात २०२३ साली आणि कर्नाटकात २०२५ साली त्यांच्यासाठी कायदे झाले, पण ती मुले एकमेकांना भेटतात ती फक्त हॉटेलाच्या पायरीवर.

कोणी म्हणेल, आता मोबाईल आहे, ग्रुप आहे, पडद्यावर सभा घेता येते, हॉल कशाला? निरोप देण्यास मोबाईल उत्तमच. परिपत्रक क्षणात पोचते. ते आपण वापरलेच पाहिजे. पण ग्रुपवर मुकादमही असतो, नाही तर मुकादमाला कळविणारा असतो. घरात एकच फोन असेल तर तो बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात असतो, बाईच्या नाही. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, भीती मोबाईलवर जात नाही. शेजारी बसलेल्याने हात वर केला, की आपलाही हात वर होतो. ज्याने आयुष्यात कधी चार माणसांत तोंड उघडले नाही तो सभेत उठून 'माझे दोन महिन्यांचे पैसे दिले नाहीत' असे म्हणतो, तेव्हा मागच्या रांगेतले आणखी पाच जण उठतात. हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हॉलचे भाडे खर्चाचे वाटत नाही.

आपण काय करावयाचे

भाषणे पुष्कळ होतात. म्हणून परत गेल्यावर करावयाची पाच कामे आम्ही सुचवितो.

एक. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील सभेच्या जागांची वही करावी. सरकारी केंद्रे, महापालिकेच्या शाळा व समाजमंदिरे, वाचनालये, विहार, मंदिरांची सभागृहे, गणेशोत्सव मंडळांच्या खोल्या, व्यायामशाळा, ज्ञातिसंस्थांचे हॉल, सोसायट्यांचे हॉल. प्रत्येकापुढे लिहावे: किती माणसे बसतात, भाडे तासावर की दिवसावर, डिपॉझिट किती, माईक व सफाईचे वेगळे पैसे आहेत काय, बायकांसाठी संडास आहे काय, जिना किती आहे, शेवटची बस केव्हा. ही वही एका कार्यकर्त्याच्या खिशात राहू नये. ती कार्यालयात असावी आणि दर सहा महिन्यांनी दुरुस्त व्हावी.

दोन. कामगार कल्याण मंडळे आणि महापालिका यांच्याकडे एकत्रित मागणी करावी. नोंदणीकृत युनियनला, स्वयंसहाय्य गटाला, वस्तीच्या मंडळाला सभेसाठी वेगळा कमी दर असावा. तासावर भाडे घेता यावे. महिन्यातील किमान एक रविवार सभांसाठी राखून ठेवावा. दरपत्रक आणि आरक्षणाची नोंद दारावर लावावी. ही मागणी एका झेंड्याची नाही. शहरातील सर्व संघटनांनी एका निवेदनावर सह्या कराव्यात. सभेची जागा ही गोष्ट अशी आहे की ती एकाला मिळाली तर सर्वांना मिळते.

तीन. जेथे पुनर्विकास चालू आहे तेथे आधीच बोलावे. जुनी चाळ, जुना हॉल, जुनी शाळा पाडण्यापूर्वी नव्या नकाशात सार्वजनिक सभागृह कोठे आहे, ते कोणाच्या ताब्यात राहणार आणि भाडे कोण ठरविणार, हे लेखी घ्यावे. इमारत उभी राहिल्यावर विचारणे म्हणजे वरात गेल्यावर अक्षता टाकणे.

चार. ज्या युनियनांच्या स्वतःच्या वास्तू आहेत त्यांनी त्या खुल्या कराव्यात. जुन्या कामगारांनी आणा-आणा वर्गणी काढून या वास्तू बांधल्या. त्यांचा हॉल लग्नाला आणि सेलला भाड्याने जातो, त्यातून देखभालीचा खर्च निघतो, हे आम्हांला मान्य आहे. पण घरकामगारांच्या, नाका कामगारांच्या, नव्याने उभ्या राहणाऱ्या छोट्या युनियनला महिन्यातून दोन दुपारी ती जागा वीज-सफाईच्या खर्चापुरत्या पैशांत देण्यास कोणत्याही कार्यकारिणीला अडचण नसावी. दुपारी दोन ते चार हॉल रिकामाच असतो. सरकारकडे मागावयाचे ते आधी आपल्या दारात केले, तर आपल्या मागणीला वजन येते.

पाच. जागा मिळाली की ती वापरावी. वर्षातून एकदा वार्षिक सभा आणि एकदा पुढाऱ्याचे भाषण, एवढ्याने वस्तीत संघटना दिसत नाही. महिन्याचा एक ठरलेला वार, ठरलेली वेळ असावी. भविष्यनिर्वाह निधीचे फॉर्म, ई-श्रमची नोंदणी, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, कायद्याचा सल्ला, वाचन, भजन, पथनाट्य, काहीही असो. 'पहिल्या रविवारी संध्याकाळी पाचला युनियनची माणसे तेथे असतात,' हे वस्तीतल्या मुलालाही ठाऊक झाले पाहिजे. मग संकटाच्या दिवशी पत्रक वाटावे लागत नाही. माणसे आपण होऊन येतात.

मित्रहो, मालकाला सभेसाठी जागा शोधावी लागत नाही. त्याच्याकडे कचेरी आहे, क्लब आहे, हॉटेल आहे. तो बसतो, ठरवितो आणि नोटीस लावतो. कामगाराला मात्र विचार करायलासुद्धा जागा भाड्याने घ्यावी लागते. ती महाग झाली, दूर गेली, बंद झाली, तर त्याच्या वतीने दुसरे विचार करतील, आणि ते त्याच्या हिताचे असतील असा भरवसा कोणी धरू नये. सुपारीबागेतल्या सभेला एकशे चाळीसहून अधिक वर्षे झाली. तेथे जमलेल्यांची मागणी रविवारची होती. आज रविवार आहे, पण बसायला जागा नाही, असे म्हणण्याची पाळी पुढच्या पिढीवर येऊ नये, म्हणून या छोट्या दिसणाऱ्या कामाला आपण आपल्या शाखेच्या पुढच्याच बैठकीत हात घालावा, अशी सर्वांना विनंती आहे.



कामगार एकजुटीचा विजय असो!